काठोकाठ वाडगी आणि पंधरा मुक्या कळा

तुर्लिबेकच्या लॅपटॉपवर एकूण शहाऐंशी कळा होत्या. सोमवारी सकाळी त्यांपैकी एकाहत्तर चालत होत्या. मुक्या झालेल्या पंधरांपैकी चौदा अगदी वरच्या ओळीतल्या, आणि पंधरावी एंटरची. एंटर तर चिमट्याने चाचपताना उचकटून हातातच आली होती. ती पुन्हा जागेवर ठेवली की बसल्यासारखी दिसायची, पण तिचं मन तिथे नव्हतं.

ही मोजणी तुर्लिबेकने तीन वेळा केली. तो तराझच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि मोजमाप झाल्याशिवाय हळहळायचं नाही असा त्याचा बाणा होता. त्याची बायको कुलपाश हिच्या मते सगळ्या अनर्थाच्या मुळाशी हाच बाणा होता.

वरची ओळ गेली म्हणजे फक्त आकडे गेले, असं परक्याला वाटेल. पण कळफलक मुळात रशियन अक्षरांसाठी मांडलेला, आणि कझाक भाषेची स्वतःची नऊ अक्षरं आकड्यांच्या ओळीत भाडेकरूसारखी राहतात. ओळ बुडाली तशी तीही बुडाली. आता लॅपटॉप रशियन खडखडीत लिहीत होता, इंग्रजी बऱ्यापैकी, आणि मायबोली तेवढी बोबडी. नेमका याच आठवड्यात तुर्लिबेकला कझाकमध्ये चार पानी निबंध लिहायचा होता. दर पाच वर्षांनी शिक्षकाने आपली योग्यता सिद्ध करायची असते. निबंध, प्रमाणपत्रं, तासांची छायाचित्रं, सगळं सरकारी पोर्टलवर चढवायचं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाची. चुकली, की 'संशोधक शिक्षक' हा हुद्दा जाणार आणि खाली नुसता 'शिक्षक' उरणार. शाळेच्या व्हरांड्यातल्या फलकावर त्याच्या नावाखाली 'संशोधक' हा शब्द पितळी पट्टीवर कोरलेला होता, आणि उपमुख्याध्यापिकाबाई स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलाय याची चौकशी करत असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

आता या कळांपर्यंत चहा पोचला कसा, ते सांगायला हवं.

रविवारी कुलपाशचा थोरला भाऊ सपरगाली आला होता. रेल्वेतून उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालेला, भारदस्त, पुढचे तीन दात सोन्याचे. मान म्हणून त्याला सगळे सपेके म्हणत. बहिणीचा नवरा हा त्या घराचा जावईच, आणि जावयाने बायकोच्या थोरल्या भावापुढे कसं बसावं, कसं हसावं, किती बोलावं याचे नियम रेल्वेच्या नियमांहून जुने आहेत. कुलपाश कणीक तिंबत होती, हात भरलेले होते, म्हणून चहा ओतायचं काम तुर्लिबेककडे आलं.

पाहुण्याला चहा द्यायचा तो वाडगीच्या तळाशी थोडासा. वाडगी रिकामी होऊन परत येते, पुन्हा थोडासा ओतायचा. जितक्या खेपा तितका मान. वाडगी काठोकाठ भरून दिली तर तिचा अर्थ एकच होतो: प्या आणि निघा. हे तराझमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

तुर्लिबेकलाही ठाऊक होतं. पण गेल्या हिवाळ्यात त्याने नववीच्या वर्गापुढे एक प्रयोग केला होता. काठोकाठ वाडगीतला चहा नव्वद अंशांवरून साठावर यायला अठरा मिनिटं लागली होती, अर्ध्या वाडगीतल्याला अकरा. सपेके थंडीतून आले होते, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांच्याविषयीचा आदर उष्णतेत व्यक्त करावा असं तुर्लिबेकला त्या क्षणी वाटलं, आणि त्याने वाडगी भरली. नुसती भरली नाही. थेंब सांडू नये म्हणून श्वास रोखून भरली.

सपरगालीने वाडगीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं.

"हे काय?"

"चहा, सपेके."

"चहा आहे ते दिसतंय. किती आहे ते विचारतोय."

"तीनशे मिलिलिटर. असा जास्त वेळ गरम राहतो. पृष्ठभाग जवळपास तेवढाच, पण आकारमान दुप्पट, त्यामुळे—"

"मी चाळीस वर्षं लोकांना गाड्यांत बसवलं, जावईबापू. गाडी सुटायची शिट्टी मला ओळखू येते."

सपरगाली उठला. अपमान झालेल्या माणसाला भरलेली वाडगी हातात धरून बाहेर पडता येत नाही, ती कुठेतरी ठेवावी लागते. मेजावर तळलेल्या बौरसाकांची परात, मुरंब्याच्या बशा, मनुका, आणि त्यांच्यामध्ये एकच मोकळी सपाट जागा होती. ती उघड्या लॅपटॉपची होती.

दार बंद झालं. कुलपाश पिठाच्या हातांनी बाहेर आली. रागावली की ती नवऱ्याला 'तुम्ही' म्हणे आणि नावाऐवजी 'घरधनी'.

"घरधनी," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या भावाला घालवून दिलंत."

"मी त्यांना गरम चहा दिला."

"जिच्या बाळंतपणाला तो बर्फातून चालत आला, तिच्या घरातून त्याला तुम्ही हाकललंत. थर्मामीटर लावून."

थर्मामीटर त्या वेळी लावलेला नव्हता, पण खुलासा करायची ती वेळ नव्हे एवढं तुर्लिबेकला कळलं.

सोमवारी तो लॅपटॉप घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडण्याआधी हुंगलं.

"दूध होतं?"

"होतं."

"कोरा चहा असता तर वाचला असता. लोक ऐकत नाहीत." त्याने लॅपटॉप उलटा करून हलवला. "भाग अल्मातीहून येईल. तीन आठवडे. तोवर तांदळात ठेवा."

"तांदळाने काय होतं?"

"पाणी शोषलं जातं."

"आणि दूध?"

"ते तांदळाला विचारा, मुआल्लिम."

शिक्षकाला मुआल्लिम म्हणायची पद्धत मानाची आहे, पण दुरुस्तीवाल्याच्या तोंडी तिला वेगळीच चव होती.

तुर्लिबेकने घरी येऊन लॅपटॉप तांदळात पुरला. घरात तांदूळ दोन प्रकारचे होते. एक रोजचा, किलोभर. दुसरा उझगेनचा, लालसर, पाच किलो, कार्यप्रसंगासाठी राखून ठेवलेला. किलोभरात लॅपटॉप मावत नाही हे उघड आहे. कुलपाशला ते तितकंसं उघड वाटलं नाही.

आता मुख्य प्रश्न उभा राहिला: नवा घ्यावा की थांबावं?

असल्या प्रश्नाला सामान्य माणूस खिसा चाचपून उत्तर देतो. तुर्लिबेकने आलेखाचा कागद घेतला. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर किंमत. नव्या वर्षाला सूट असते, म्हणजे सव्वा महिना थांबलेलं बरं. उन्हाळ्यात नवी मॉडेलं येतात, जुन्यांचे भाव उतरतात, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत थांबलेलं अधिक बरं. पुढच्या वर्षी याच पैशांत दुप्पट वेगाचं यंत्र मिळेल. रेघ सतत उतरत होती आणि ती कुठे थांबावी असं तिला वाटत नव्हतं. आलेखाप्रमाणे लॅपटॉप घेण्याची सर्वांत शहाणपणाची वेळ तुर्लिबेकच्या मृत्यूनंतर लगेच येत होती.

म्हणून त्याने शेजाऱ्यांना विचारलं. ही चूक शिकलेली माणसंच करतात. अडाणी माणसाला शेजाऱ्यांचं मत न विचारताच मिळालेलं असतं.

तळमजल्यावर व्हिक्टर गेनरिखोविच राहायचा. जुना लेथवाला, जर्मन वंशाचा. त्याचे दोन भाऊ, एक बहीण आणि एक बायको असा सगळा गोतावळा तीस वर्षांपूर्वी जर्मनीला निघून गेला होता. जायचं की थांबायचं हे व्हिक्टरचं अजून ठरत होतं. थांबण्याच्या बाबतीत अख्ख्या वस्तीत त्याच्याइतका अनुभवी माणूस दुसरा नव्हता.

"थांब," तो म्हणाला. "घाईने कुणाचं भलं झालंय? माझा भाऊ घाईने गेला. आता तिकडे पेन्शनवरून कुरकुरतो."

"तुम्हीही कुरकुरताच की इथे."

"पण मला कुणी शब्दकोश उघडायला लावत नाही. जुनं यंत्र टाकू नकोस. त्यात लोखंड असतं. हल्लीच्यात नुसता हिशेब असतो."

दुसऱ्या मजल्यावर बालझिया आपा. टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. नोकरीत असताना बातमी पाकिटात बंद असायची याचं त्यांना आयुष्यभर वाईट वाटत आलं होतं, आणि निवृत्तीनंतर त्या ती उणीव भरून काढत होत्या.

"आजच घे," आपा म्हणाल्या. "मेलेल्या घोड्यावर खोगीर घालून कुणी बाजाराला जातं का?"

"मेलेला नाही, आपा. शहाऐंशीपैकी एकाहत्तर—"

"पोरा, घोड्याचे चारांपैकी तीन पाय चालले तर त्याला तू काय म्हणशील?"

तुर्लिबेक विचारात पडला. टक्केवारीने पाहता घोड्याची स्थिती लॅपटॉपपेक्षा वाईट होती, पण हे आपांना पटलं नसतं.

मंगळवारी त्याने पोर्टलच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ दोंब्राच्या तारा वाजल्या, मग एक मुलगी बोलू लागली. तिचा आवाज इतका गोड होता, आणि ती इतक्या आदराने 'आगाय' म्हणे, की प्रत्येक नकार ऐकून आभार मानावेसे वाटत.

"नव्या लॅपटॉपवरून अर्ज करता येईल का?"

"नक्कीच, आगाय. फक्त तुमची डिजिटल सही जुन्या यंत्राला जोडलेली आहे. नव्यासाठी ती नव्याने काढा."

"शाळेच्या संगणकावरून? फोनवरून?"

"तेही यंत्रच, आगाय. निबंधाचा साचासुद्धा सही जोडलेल्या यंत्रावरच उघडतो. कार्यालयात जाऊन विनंती द्यायची. तीन कामाचे दिवस."

"शुक्रवारी मुदत आहे."

"मग आज संध्याकाळी सहाच्या आत विनंती दिलीत तर शुक्रवारी सही मिळेल. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती टक्के?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. हा प्रश्न तिच्या समोरच्या कागदावर नसावा.

"आपल्या फोनबद्दल धन्यवाद," ती म्हणाली.

म्हणजे निर्णय आज, सहाच्या आत. तुर्लिबेक पुन्हा आलेखापाशी बसला. त्याने रेघेत नुकसानीचा आकडा मिळवला, हुद्दा गेल्यास पगारातली घट धरली, तांदळाच्या यशाची शक्यता धरली. शक्यता काढायला आधार नव्हता, म्हणून त्याने वर्गात ज्यांचे फोन तांदळात गेले होते अशा पोरांना संदेश पाठवले. उत्तरं यायला वेळ लागला. पण आली, आणि आकडेमोड अखेर चोख जुळली: नवा घ्यावा, आणि तोही ताबडतोब. तो कोट चढवून जिना उतरू लागला, आणि उतरता उतरता त्याने कुलपाशला फोन केला.

"ठरलं. नवा लॅपटॉप घेतोय."

दुसऱ्या मजल्यावरचं दार बोटभर उघडं होतं.

कार्यालयाच्या दारात पहारेकरी कुलूप लावत होता. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तुर्लिबेकचं गणित बरोबर होतं, पण ते सोडवायला लागलेला वेळ त्याने त्यात धरला नव्हता. आता नवा लॅपटॉप शुक्रवारसाठी निरुपयोगी होता. जे काही करायचं ते जुन्यावरच. निर्णय आपोआप फिरला, आणि तो थोडासा सुटल्यासारखा वाटून घरी परतला.

घरात कुलपाश हसत होती. रविवारनंतर प्रथमच. आणि बालझिया आपा मेजापाशी बसून चॉकलेटच्या डब्याचं झाकण उघडत होत्या.

आनंदाची बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याने 'सुइंशी' म्हणून ओरडायचं आणि घरच्याने त्याला काहीतरी द्यायचं, ही रीत आहे. आपांनी कुलपाशकडून तिच्याच नवऱ्याच्या खरेदीबद्दल सुइंशी वसूल केली होती.

"मी चारही मजल्यांवर सांगून आले," आपा म्हणाल्या. "आणि सपरगालीला फोन केला. थोरला भाऊ; त्याला उशिरा कळलं असतं तर वाईट दिसलं असतं."

"आगा येतोय," कुलपाश म्हणाली. थोरल्या भावाला ती आगा म्हणे. तिचे डोळे भरून आले होते. "शुक्रवारी, नमाजानंतर. म्हणाला, नवी वस्तू घेतलीये तर बायगाझी द्यायला यावंच लागेल. रागात असलो तरी रीत ती रीत."

नवी वस्तू पाहिली की तिच्या मालकाला बायगाझी म्हणून भेट द्यायची, आणि मालकाने देणाऱ्याला जेवू घालायचं. तुर्लिबेकने तोंड उघडलं.

"कुलपाश, एक अडचण—"

"शेजारची सगळीच येतील. पुलाव करते."

"लॅपटॉप घेतलेला नाही."

चॉकलेट आपांच्या तोंडापाशी थबकलं. मग तोंडात गेलं. "शुक्रवार अजून लांब आहे," त्या म्हणाल्या, आणि डबा घेऊन उठल्या.

बुधवारी भेटी यायला सुरुवात झाली. शुक्रवारी ज्यांची कामाची पाळी होती त्यांनी, आणि ज्यांना धीर नव्हता त्यांनीही, आधीच पाठवल्या. तीन जोड मोजे, चहाची किटली, शर्टाचं कापड, आणि व्हिक्टरकडून नटबोल्टची भरलेली पेटी. तुर्लिबेकने मोजे परत करायचा विषय काढून पाहिला.

"बायगाझी परत?" कुलपाश म्हणाली. "तुमच्या सात पिढ्यांत कुणी केलंय?"

सात पिढ्यांची नावं प्रत्येकाला पाठ असावी लागतात, आणि तुर्लिबेकला होतीही. त्याने मनातल्या मनात सातही आजोबांकडे पाहिलं. कुणीच मान हलवेना.

"मग जाऊन एक घेऊन येतो. कुठलातरी."

"कुठलातरी नको. आगा पाहणार आहे." मग तिचा आवाज खाली आला आणि तुम्हीचा तू झाला. "आणि खरं सांगू, शुक्रवारी सहापर्यंत तुझं जे व्हायचंय ते त्या जुन्यावरच. नव्याकडे बघत बसशील आणि हुद्दा जाईल. जुनाच मेजावर ठेव, पुसून. मी कापड घालते. नवा म्हणू नकोस, जुनाही म्हणू नकोस."

शुक्रवारी पहाटे तांदूळ उपसले गेले, कारण ते पुलावासाठी भिजवायचे होते. लॅपटॉप बाहेर आला. तुर्लिबेकने कळा मोजल्या. एकाहत्तर. चार दिवसांत तांदळाने एकाही कळेचं मन वळवलं नव्हतं. पडद्यावर चित्रातला कळफलक उघडून एकेक अक्षर टिपावं, तर बोट फिरवायच्या जागेतही चहा गेलेला, आणि बाण बर्फावरच्या वासरासारखा घसरायचा. दुपारी दोनपर्यंत निबंधाच्या अकरा ओळी झाल्या. त्यांतल्या तीन चुकीच्या जागी होत्या. एंटरच्या जागी खळगा होता. कळ तांदळात कुठेतरी राहिली असणार हे त्याला दोन वाजता आठवलं, आणि त्याच वेळी कढईतून जिऱ्याचा वास आला.

पाहुणे आले. बूट दारात साचले. सपरगाली सगळ्यांच्या शेवटी आला, हातात कागदी पिशवी. ती त्याने दाराशी खुंटीला अडकवली, आणि जावयाशी नजर न मिळवता मुख्य जागी जाऊन बसला. बालझिया आपांनी अदिरासपानाची सुकी जुडी पेटवून लॅपटॉपभोवती धुरी फिरवली. कुणाची दृष्ट लागायला नको. मग त्यांनी नववधूची ओढणी उचलावी तसं कापड एका कोपऱ्याने उचललं, झाकण पाहिलं आणि पुन्हा सोडलं.

"देखणा आहे," त्या म्हणाल्या. आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्या इतक्या मनापासून बोलल्या.

साडेतीन वाजले होते. पाहुणे बसलेले असताना यजमान निबंध लिहायला उठत नाही. तुर्लिबेक घड्याळाकडे पाहत होता आणि व्हिक्टर त्याला, ते उशिरा विकत घेतलं असतं तर कसं स्वस्त मिळालं असतं, ते सांगत होता. कुलपाशने चहा ओतला. स्वतः ओतला, नवऱ्याला किटलीच्या आसपास फिरकू दिलं नाही. सपरगालीने वाडगीत डोकावून पाहिलं. तळाशी होता. त्याने हुंकार भरला.

पुलाव आला. मधोमध ढीग, गाजराच्या सोनेरी काड्या, वर मटणाचा मोठा तुकडा, आणि मानाची बाजू सपरगालीकडे. त्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला 'टक्' असा आवाज झाला.

सगळे थांबले.

सपरगालीने तोंडातून एक काळा चौकोनी तुकडा काढला. आधी त्याने जिभेने दात तपासले. तिन्ही जागेवर होते. मग त्याने तुकडा रुमालाने पुसला आणि उजेडात धरला.

"खडा नाही," व्हिक्टर म्हणाला. "प्लास्टिक आहे."

"पुलावात निघालं तर शुभ असतं," बालझिया आपा घाईने म्हणाल्या. असली रीत कुणीच ऐकली नव्हती. त्यांनाही ती आत्ताच कळत होती.

सपरगाली उठला. मेजापाशी गेला, कापड बाजूला केलं, झाकण उघडलं. त्याने चाळीस वर्षं डब्यांमागे डबे जोडलेले पाहिले होते. कुठला तुकडा कुठे बसतो हे त्याला सांगावं लागत नव्हतं. एंटरची कळ त्याने खळग्यात ठेवली. ती चपखल बसली.

खोलीत कुणी चावतही नव्हतं.

"जावईबापू," सपरगाली म्हणाला, "हा तोच आहे."

"हो, सपेके."

"माझ्या चहाचा."

"माझ्या चहाचा, सपेके. भरला मी होता."

"मग नवा कुठे आहे?"

तुर्लिबेककडे तयार उत्तर होतं. नव्या वर्षाची सूट, उन्हाळ्यातली मॉडेलं, सहीचे तीन दिवस. पण त्याला एकदम फार दमल्यासारखं वाटलं.

"नाही घेतला. ठरवता ठरवता उशीर झाला. आणि आज सहापर्यंत निबंध गेला नाही तर हुद्दा जाईल. ही वरची ओळ चालत नाही. अकरा ओळी लिहून झाल्यात."

सपरगालीने बहिणीकडे पाहिलं. कुलपाश खाली पाहत होती. गाजराची एक काडी ताटाच्या काठाने एकटीच ढकलत होती.

"कुलपाश," तो म्हणाला, "दाराशी पिशवी आहे. आण."

पिशवीत एक लांबट खोका होता. खोक्यात कळफलक. वेगळा, वायरवाला, लॅपटॉपच्या कडेला खुपसायचा, वरची ओळ ठणठणीत. असा कळफलक बाजारात प्रत्येक दुकानात टांगलेला असतो, आणि तुर्लिबेक सोमवारी त्याखालून दोन वेळा गेला होता.

"सोमवारीच घेतला होता," सपरगाली म्हणाला. "दुकानातली मुलगी म्हणाली, कळा भिजल्या असतील तर हा लावा, चालेल."

"मग सोमवारीच का नाही आणला, आगा?" कुलपाशने विचारलं.

"आणणार कसा? या घरातून मला काठोकाठ वाडगी मिळाली होती. बोलावल्याशिवाय यायला मी पोस्टमन आहे का?"

बालझिया आपांनी हे मनाला लावून घेतलं नाही.

मग सपरगाली सगळ्यांकडे वळला आणि फलाटावरच्या आवाजात म्हणाला, "ऐका. ही घरात आलेली नवी वस्तू. तुम्ही दिलीत ती हिचीच बायगाझी. मोजे, किटली, सगळं. कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचं नव्हतं. व्हिक्टरने विचारलं की पेटीतले नटबोल्ट कळफलकाला उपयोगी पडतील का, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पाहुणे बसलेले असताना यजमान लिहायला उठत नाही, पण सर्वांत थोरल्या पाहुण्याने बसवलं तर गोष्ट वेगळी. तुर्लिबेक लिहू लागला. नऊही अक्षरं बोटांखाली परतली. पाहुण्यांनी गप्प बसायचं ठरवलं आणि ते त्यांना पाच मिनिटं जमलंही. पुढे निबंधाचा विषय 'शिकवताना मी कुठे चुकलो आणि काय शिकलो' असा आहे हे समजल्यावर प्रत्येकाकडे सुचवण्यासारखं काही ना काही निघालं. कुलपाशकडे सर्वांत जास्त.

"चहाचा प्रयोग लिही," ती म्हणाली.

त्याने तो लिहिला. एक सबंध पान. नव्वद अंश, साठ अंश, अठरा मिनिटं, आणि त्यानंतर काय झालं तेही.

पाच वाजून एकोणीस मिनिटांनी सगळं चढलं. निबंध, प्रमाणपत्रं, सही. आता एक कळ दाबायची राहिली.

"थांब," सपरगाली म्हणाला. "असं सुरू करायचं नसतं. हात वर करा."

सगळ्यांनी तळहात पुढे उघडले. सपरगालीने आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. पूर्वजांपासून सुरुवात झाली, आणि पूर्वज पुष्कळ होते. मग घराचा उंबरा, चुलीचा धूर, बहिणीचं सौभाग्य, जावयाचं ज्ञान, शाळेचं छप्पर, तराझपासून अल्मातीपर्यंतचे रूळ. मध्येच रविवारचा चहाही येऊन गेला, क्षमेच्या स्वरात. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं घड्याळ उलटं चालत होतं. पंधरा मिनिटं काही हालचाल झाली नाही तर पोर्टल माणसाला बाहेर काढतं. तुर्लिबेकला ते दिसत होतं. पण आशीर्वाद चालू असताना हात खाली घेणं म्हणजे तो सांडणं, आणि या आठवड्यात त्याने पुरेसं सांडलं होतं.

"औमीन," सपरगाली म्हणाला. सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

पडदा पांढरा झाला होता. 'आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.'

"काय म्हणतंय?" सपरगालीने विचारलं.

"पुन्हा सुरुवातीपासून, सपेके."

"आशीर्वाद?"

"नाही. अर्ज."

पुन्हा प्रवेश, पुन्हा सही, पुन्हा एकेक कागद. बालझिया आपा वेळ सांगत होत्या. मिनिटामिनिटाची बातमी द्यायची संधी त्यांना नोकरीत कधी मिळाली नव्हती. सहाला आठ मिनिटं असताना तुर्लिबेकचं बोट पुन्हा कळेवर आलं आणि तिथेच अडलं. त्याने सपरगालीकडे पाहिलं.

सपरगालीने तळहात वर केले. "जावो," तो म्हणाला. "औमीन."

तुर्लिबेकने कळ दाबली. गोल चकती फिरली, फिरत राहिली. मग हिरव्या अक्षरांत ओळ आली: स्वीकारले.

आनंदाच्या प्रसंगी उधळतात तशा गोड गोळ्या आपांनी खिशातून काढून लॅपटॉपवर उधळायला हात उचलला होता. व्हिक्टरने तो हवेतच धरला.

"मग आता," हात धरूनच त्याने विचारलं, "नवा घेणार, की थांबणार?"

"विचार करतोय," तुर्लिबेक म्हणाला.

तो स्वयंपाकघरात गेला. कुलपाशने किटली त्याच्या हातात दिली. त्याने चहा ओतला, शाळेची पट्टी वाडगीत उभी धरून पाहिली, आणि वाडगी दोन्ही हातांनी सपरगालीपुढे नेली. वाडगीची खोली साडेपाच सेंटिमीटर होती. चहा पावणेदोन सेंटिमीटर. सपरगालीने अशा नऊ वाडग्या घेतल्या.